बिराजदार सर आणि थरथरता काटा

बिराजदार सरांच्या खोलीत फरशीवर खडूची एक रेघ होती. पाहुण्याने तिच्या अलीकडे बसायचं आणि पाय हलवायचे नाहीत. कुणी शिंकलं तर सर आधी यंत्राकडे बघत, मग त्याच्याकडे. "कोण हललं?" हा त्यांचा कायमचा प्रश्न.

मी त्यांचा शेजारी. सत्तरच्या दशकात सर सोलापुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. शिपायावर विश्वास नसल्यामुळे त्यांनी प्रयोगच घरी आणला होता. चिनीमातीसारख्या पदार्थाची एक पांढरी वडी. तिच्या आतले विद्युतभार एका दिशेला कललेले असतात. सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तापवली की तो कल नाहीसा होतो. हा बदल यंत्राच्या काट्यावर मोजायचा. पण त्या अंशाजवळ येताच काटा थरथरू लागे. पीएच.डी.च्या पुण्यातल्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं: थरथरीचं कारण द्या, नाहीतर प्रबंध परत.

सरांचा संशय खालच्या मजल्यावर गेला. तिथे मल्लय्याच्या यंत्रमागावर चादरी निघत. धक्के वरच्या फरशीपर्यंत येत.

"मल्लय्या, आज दुपारी माग बंद ठेवा."

"ठिवतो की सर. पण काटा तरीबी हलला तर कुणाला धरणार?"

सरांनी मला पहाऱ्याला खाली बसवलं. "हळूच चालू करील तो," ते कुजबुजले. मल्लय्या हसला. "तुमी माझ्यावर नजर ठिवा, मी तुमच्यावर ठिवतो. सरांना तुमचाबी डाउट हाय."

माग थांबला. वर, सरांनी नंतर सांगितलं, तापमापीचा पारा एकशेवीसजवळ होता आणि काटा तसाच थरथरला. सरांनी वडी निवू दिली आणि माग चालू करायला सांगितला. सगळं घर हादरू लागलं. वडी थंड, काटा स्थिर.

सर जिना उतरून आले आणि मागाच्या आवाजावर ओरडून म्हणाले, "मल्लय्या, तुम्ही नाही! वडीच हलते. बदलाच्या तोंडाशी आली की तिचे बारीक बारीक भाग कधी इकडे कलतात, कधी तिकडे. बाहेरचं कुणी नाही."

"आणि प्रबंध?" मी विचारलं.

"हेच लिहिणार. मानतील, न मानतील."

मल्लय्याच्या बायकोने चहा दिला. सरांनी कप उजेडाला धरून पाहिला, मग प्यायले. चहा संपला तरी उठले नाहीत. मल्लय्याने मागाच्या खटक्याकडे हात नेला. "बोलायचं असंल तर थांबवतो की."

"नको," सर म्हणाले. "मघाशी थांबला तेव्हा वर फार शांत झालं होतं. चालू द्या. मी बसतो थोडा वेळ."