साहेबांचं स्वच्छ ताट

"अहो, जेवायला जाताना कुणी घरून जेवून जातं का?" भाताचं पातेलं नवऱ्यापुढे आदळत बायकोने विचारलं.

"तुला कळत नाही. शेफच्या घरचं जेवण म्हणजे आपल्यासारखं जेवण नसतं. आमचा कॅशियर जाऊन आलाय. हे एवढं मोठं ताट, मधोमध वाटाण्याएवढा घास आणि बाजूला सॉसचा एक फराटा. भुकेल्या पोटी गेलो तर तो घास मी एका दमात गिळीन आणि साहेबांसमोर हावरट ठरीन. पोट भरलेलं असलं की माणूस रुबाबात खातो. तूही घे. आणि ती अंडी इकडे दे."

विमा कंपनीच्या दावे विभागात हा गृहस्थ वरिष्ठ कारकून होता. त्याच्या हातून एकही कागद टाचणी लावल्याशिवाय पुढे जात नसे, म्हणून अख्खं ऑफिस त्याला टाचणी म्हणायचं. तब्येतीचं कारण देऊन उपव्यवस्थापक मुदतीआधीच निवृत्त झाले होते आणि त्यांची खुर्ची रिकामी होती. अशा वेळी साहेबांनी त्याला जोडीने, स्वतःच्या घरीच पैसे घेऊन लोकांना जेवू घालणाऱ्या एका शेफबाईंकडे जेवायला बोलावलं होतं, ते काही प्रेमापोटी नव्हे. साहेबांचा एक सिद्धांत होता. "माणूस जेवतो कसा ते मी बघतो. ताटात टाकणारा माणूस कामही अर्धवट टाकतो." कँटीनमध्ये टोमॅटो वेचून बाजूला काढणारा एक हुशार माणूस या सिद्धांतापायी रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात पडला होता. त्यामुळे टाचणीची बढती आता त्याच्या ताटावर अवलंबून होती.

शेफबाईंच्या दिवाणखान्यात मेणबत्त्यांखेरीज उजेड नव्हता. सोफा आतल्या खोलीत कोंबलेला, आणि जेवणाच्या टेबलाला इस्त्रीचं टेबल जोडून वर एकच पांढरी चादर घातलेली. जिथे दोन टेबलं जुळत होती तिथे नेमकी टाचणीची जागा आली, त्यामुळे त्याचं ताट जरा कलतं होतं. समोर साहेब, डावीकडे बायको, उजवीकडे साहेबांच्या बाईसाहेब. पलीकडच्या टोकाला आणखी काही मंडळी होती, पण ती अंधारात चमच्यांच्या आवाजावरूनच कळत होती.

शेफबाई हात जोडून उभ्या राहिल्या. "मागच्या खेपेला कुणीतरी म्हणालं, इथून निघालेले लोक कोपऱ्यावर जाऊन पाव खातात. मला फार लागलं ते. आजपासून वाढणार मी स्वतः. माझ्या घरातून कुणी अर्धपोटी जाणार नाही."

टाचणीचे डोळे पांढरे झाले.

आधी मशरूमचं सूप आलं, ते वाडग्यात नव्हे, घमेल्यात म्हणावं इतकं. मग जाडजूड पाव. मग भाजलेला भोपळा. "हा माझ्या मावशीच्या गच्चीवर एकटाच वाढलाय," शेफबाई हळव्या आवाजात म्हणाल्या. "त्याचा एकटेपणा जिभेला जाणवेल." टाचणीला तो घशाशी जाणवत होता. अंडी वर, भोपळा खाली, की उलट, याचा हिशेब त्याच्या पोटाने सोडून दिला होता.

"काय टाचणी, हात आखडता का?" साहेबांनी विचारलं. त्यांचं ताट लख्ख होतं.

"छे छे, साहेब. चव घेतोय."

"घ्या, घ्या. सावकाश घ्या. मी बघतोय."

एवढ्यात कोबीच्या पानात गुंडाळलेले मुठीएवढे गोळे आले. शेफबाईंनी प्रत्येकाला चार चार वाढले आणि पातेलं घेऊन तिथेच उभ्या राहिल्या.

"जाणार नाही गं," टाचणी बायकोच्या कानात कुजबुजला.

"मी म्हटलं होतं. आता गिळा."

"तुझ्या पर्समध्ये टाकू?"

"हात लावून बघा. नवी आहे ती."

पण बढती पर्सपेक्षा मोठी असते. शेफबाई पलीकडे वळल्या, तसा त्याने एक गोळा रुमालात धरला, पायाशी काळी पर्स चाचपली आणि चेन उघडून आत हात घातला. बोटांना काहीतरी ऊन आणि मऊ लागलं. आत आधीच दोन गोळे होते, त्यांच्याखाली पाव, आणि तळाशी एकटेपणासकट भोपळा. बायको म्हणते एक आणि करते एक, असं मनाशी म्हणत त्याने कौतुकाने डावीकडे पाहिलं. बायकोची पर्स तिने मांडीवर घट्ट धरलेली होती.

त्याने अगदी हळू उजवीकडे पाहिलं. बाईसाहेब मेणबत्तीकडे टक लावून बसल्या होत्या. समोर साहेबांचा घास हवेतच थांबला होता. मग टेबलाखालून टाचणीच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. साहेबांचा हात होता, आणि हातात रुमालात बांधलेले त्यांचे उरलेले गोळे. टाचणीने ते मुकाट्याने घेतले, पर्समध्ये ठेवले आणि चेन लावली. एका मुरलेल्या कारकुनाला शोभेल अशा सफाईने.

सगळी ताटं स्वच्छ बघून शेफबाईंना भरून आलं. त्यांनी पुडिंग दोनदा वाढलं.

लिफ्टमध्ये साहेबांनी पट्टा सैल केला. "आम्ही जरा घरूनच खाऊन आलो होतो. मागच्या खेपेला भुकेने फार हाल झाले हो."

"मी काही पाहिलंच नाही, साहेब."

"तेच आवडलं मला."

सोमवारी टाचणी उपव्यवस्थापक झाला. कॅशियरने हार घातला, रेकॉर्ड रूममधल्या माणसाने लांबूनच टाळ्या वाजवल्या. टाचणी नव्या खुर्चीत दोन वेळा गोल फिरला आणि खरं सांगायचं तर इतका सुखावला, की डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी शिपाई ढकलगाडी घेऊन आला. गाडीवर दाव्यांच्या फायली रचलेल्या. आगीत जळालेल्या घराचा दावा, नवरा गेलेल्या एका बाईचा दावा. कितीतरी दाव्यांवर साहेबांनी 'पाहतो' असं लिहून ठेवलं होतं आणि ती शाईसुद्धा फिकी पडली होती.

"या कुठे ठेवू?" टाचणीने विचारलं.

"साहेब म्हणाले, दिसणार नाहीत अशा ठेवा. मुख्य कचेरीचे लोक आलेत."

काचेच्या भिंतीपलीकडे साहेबांचं टेबल लख्ख दिसत होतं. साहेब पाहुण्यांना सांगत होते, "माझ्याकडे काही उरत नाही. ताट असो की टेबल." पाहुणे कौतुकाने माना हलवत होते. साहेबांनी काचेतून टाचणीकडे एकदा पाहिलं.

टाचणीने आपल्या टेबलाचा मोठा खण उघडला आणि पहिली फाईल आत सरकवली. ती पुरती जाईना. त्याने हात घालून चाचपलं. आत आधीच्या उपव्यवस्थापकांनी ठेवलेल्या फायली तळापासून काठापर्यंत भरलेल्या होत्या.