अठरा गुणांचा प्रिंटर

रिव्ह्यू वाचावा तर आम्हीच! बाकीचे लोक नुसत्या चांदण्या बघतात, वस्तू मागवतात आणि मग कपाळाला हात लावून बसतात. मी चांदण्यांकडे ढुंकूनही बघत नाही. मी रिव्ह्यू कागदावर छापून आणतो, लाल पेन घेतो आणि तपासतो. प्रस्तावना, मुद्दे, भाषा, शेवट. वीसपैकी गुण. कुमासी शहरातल्या शाळेत मी निबंध शिकवतो आणि दर वर्षी बोर्डाचे पेपर तपासतो. ज्याला धड प्रस्तावना लिहिता येत नाही, त्याच्या प्रिंटरबद्दलच्या मताला काय किंमत द्यायची?

प्रिंटरचा विषय निघाला तो माझ्या बायकोच्या, सेर्वाच्या आजीमुळे. आचिआ आजी भरपूर जगून, सगळ्यांना भरपूर बोलून गेली. सेर्वाच्या माहेरी, मामपोंगला मोठं कार्य ठरलं. आता सासरच्या कार्याला जावई हात हलवत जात नाही. तो वाजतगाजत जातो, भेट डोक्यावर मिरवत नेतो, आणि लाउडस्पीकरवरून त्याचं नाव पुकारतात. सासऱ्यांच्या वेळी माझा साडू दोम्प्रे गाय घेऊन आला होता. जुन्या ट्रकांचे सुटे भाग विकतो तो; त्याला गाय म्हणजे काही विशेष नाही. मी पाण्याच्या बाटल्यांची खोकी नेली होती. माझं नाव पुकारलं आणि नेमकी तेव्हाच गाय हंबरली. नाव कुणाला ऐकूच गेलं नाही. सेर्वाच्या बहिणी तिला अजून "पाणीवाली" म्हणतात.

"या वेळी माझी मान खाली गेली ना," सेर्वाने बजावलं, "तर मी तिथेच राहीन. तुम्ही एकटे या परत."

"अगं, मी असं काही नेणार आहे की दोम्प्रे बघत बसेल."

माझा बेत पक्का होता. जेवणाच्या डब्याएवढा छोटा फोटो प्रिंटर! पाहुणा आला की मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा, कोपऱ्यात आजीचा फोटो बसवायचा आणि तिथल्या तिथे छापून त्याच्या हातात द्यायचा. गाय खाऊन संपते. फोटो भिंतीवर राहतो.

प्रिंटर बरेच होते आणि रिव्ह्यू त्याहून बरेच. मी आठवडाभर तपासत बसलो. सेर्वा केळी तळता तळता विचारायची, "ठरला का?"

"ऐक हा. 'सूर्य उगवावा तसा फोटो उगवला. तो मी दोन्ही हातांनी झेलला आणि माझे डोळे भरून आले. फोटोत अशी ऊब, की जणू माणूसच जवळ बसला आहे.' काय भाषा आहे! अठरा गुण."

"दोन कशाचे कापले?"

"पूर्ण कुणालाच देत नसतो."

"आणि तो खालचा? त्याला दोनच दिलेत."

"तो होय? 'चार वेळा आत-बाहेर. ओढू नका. मी ओढला. वाट लागली.' कोण आत, कोण बाहेर? काय ओढलं? कर्त्याचा पत्ता नाही, प्रस्तावना नाही. अक्षर वाचता आलं म्हणून दोन दिले."

"अहो, पण दोघेही एकाच प्रिंटरबद्दल बोलतायत ना?"

"म्हणूनच तर अठरावाल्याचं ऐकायचं."

बायकांना परीक्षणातलं कळत नाही, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणण्याइतका मी खुळा नाही.

प्रिंटर आला. मी सेर्वाचा फोटो काढला आणि बटण दाबलं. कागद बाहेर आला तो पिवळाधमक, कावीळ झाल्यासारखा. मी घाबरलो. तेवढ्यात तो आपणहून आत गेला आणि पुन्हा बाहेर आला. आता चेहरा होता, डोळे होते, हसू होतं. आणि वीज गेली. आमच्याकडे वीज जाण्यात नवल काही नाही. मी कागद हळूच ओढून घेतला आणि खिडकीपाशी नेला.

"लाल पाम तेलातून काढल्यासारखी दिसतेय मी," सेर्वा म्हणाली.

"ती ऊब आहे. लिहिलं होतं त्यात."

एकंदरीत मला मशीनची रीत कळली. पहिल्यांदा येतं ते सोडायचं, दुसऱ्यांदा येतं ते झेलायचं.

कार्याच्या शनिवारी मी मामपोंगला अशा थाटात शिरलो की काय सांगू! पुढे ढोलवाले, मध्ये भाच्याच्या डोक्यावर तबकात ठेवलेला प्रिंटर, वर छत्री. मागून दोम्प्रे येत होता. त्याने चार जणांच्या डोक्यावर फ्रिज आणला होता. पण फ्रिज हंबरत नाही. माझं नाव सगळ्यांना ऐकू गेलं.

लाल कापडाचा मोठा मांडव होता. घरची माणसं लाल नेसून पुढे बसलेली, आम्ही बाकीचे सगळे काळ्यात. मी मांडवाच्या कडेला टेबल मांडलं, जनरेटरची तार घेतली आणि पहिला फोटो माझा आणि सेर्वाचाच काढला. मग जी रांग लागली, ती जेवणाच्या रांगेपेक्षा मोठी झाली. पिवळा आला, सोडला. दुसऱ्यांदा आला, झेलला, दिला. दर वेळी मशीन लाल दिवा लावून कुरकुरायचं. मी बटण दाबून त्याची समजूत काढायचो. लाल मांडवाखाली सगळंच लाल दिसत होतं, त्यामुळे फोटोला कुणी नाव ठेवलं नाही. सासूबाई तर चक्क म्हणाल्या, "जावईबापूंनी नाव काढलं." सेर्वाच्या बहिणीही रांगेत आल्या. दोम्प्रेचा फ्रिज कोपऱ्यात उभा होता आणि त्याच्यावर कुणीतरी चपला ठेवल्या होत्या. मला फार फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शेवटी दोम्प्रेही आला. एका हातात फुफूचा, म्हणजे कुटलेल्या कंदाच्या गोळ्याचा वाडगा, दुसऱ्या हातात मोबाइल. "मास्तर, आमचाही काढा की एक."

काढला. बटणही दाबलं. पण साडूचा फोटो माझ्या हाताने झेलून त्याला द्यायचा? "आला की घ्या तुमचा तुम्ही," म्हणालो आणि हात धुवायला निघून गेलो.

रविवारी चर्च आटोपून आम्ही सासरच्या घरी आलो. बाहेरच्या अंगणात पाहुण्यांचं जेवण, आतल्या अंगणात घरच्यांचं. बाहेर भात. आत बोकडाचा रस्सा. ही व्यवस्था आजवर कधी कुणी मोडली नव्हती. पण त्या दिवशी आतल्या दारात गर्दी झाली. पुढे होता मांडववाला सार्पोंग, हातात फोटो.

"मला आत बसायचंय," सार्पोंग म्हणाला.

दारात आजेकुम मामा उभे होते. हे सेर्वाच्या आईचे भाऊ, म्हणजे माझे मामेसासरे आणि सगळ्या घराण्याचे प्रमुख. त्यांच्या शब्दाबाहेर त्या घरात कोंबडीही जात नाही. "तू कोण लागतोस रे आमचा?"

"ते मला काय माहीत? पण हा फोटो बघा. मी लाल वस्त्रात आहे. लाल कोण नेसतं? घरचे. आणि फोटो तुमच्याच जावयाने काढलाय."

मामांनी फोटो उन्हात धरला. सार्पोंग नखशिखांत लाल होता. मागून एकेक फोटो पुढे आला. मक्याचे आंबवलेले गोळे विकणारी केंकीवाली लाल. ढोलवाले लाल. शेजारच्या गावचा शिंपी लाल, त्याची बायको लाल, आणि ती नुसती रस्ता विचारायला मांडवात आली होती! काल काळ्यात आलेलं अख्खं गाव फोटोत आचिआ आजीचं सख्खं झालं होतं.

रांगेच्या शेवटी पोकुआ आजी होती. आपण आचिआची चुलतबहीण, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती आणि घरचे वर्षानुवर्षं नाही म्हणत आले होते. तिने फोटो छातीशी धरला होता. "आता तरी बघ, आजेकुम," ती म्हणाली. "यंत्राला माझं आणि तुझं नसतं."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सेर्वाने पण.

"जावईबापू," मामा म्हणाले, "पहिला फोटो तुमचा. तुम्हीही लाल आहात. आमच्यात जावई काही घरचा नसतो. आता एवढंच सांगा, तुमचं मशीन खरं बोलतं की खोटं?"

आली का पंचाईत! खोटं म्हणावं, तर माझी भेट बिघडलेली, नाव गेलं आणि सेर्वा पुन्हा पाणीवाली. खरं म्हणावं, तर बोकडाच्या एका पातेल्यावर अर्धं मामपोंग.

"मशीन खरं बोलतं," मी म्हणालो. "रिव्ह्यू तपासून घेतलंय."

मामांनी शांतपणे मान डोलावली. "मग प्रश्नच मिटला. जेवढे लाल तेवढे घरचे. घरच्यांनी डोकं भादरायचं, ही आपली जुनी रीत. मध्ये आपण ती सोडली होती. आज नव्या घरच्यांपासून पुन्हा धरू. जा रे, न्हाव्याला बोलवा."

न्हावी आला, स्टूल मांडलं, आणि सगळ्यांना आपापली खरी नाती आठवली. केंकीवालीने कार्यासाठी दिवसभर बसून नव्या वेण्या घालून घेतल्या होत्या. "माझा काय संबंध? मी काळंच नेसले होते," ती म्हणाली.

"मशीनच भिकार आहे," सार्पोंग म्हणाला. सकाळी याच फोटोला त्याने ओठ टेकले होते.

"मी तर रस्ता विचारायला आले होते," शिंप्याची बायको म्हणाली आणि न विचारताच रस्त्याला लागली.

अंगण बघता बघता रिकामं झालं. पोकुआ आजी मात्र हलली नाही. तिने डोक्यावरचा विग काढून शेजारच्या बाईच्या हातात दिला, स्टुलावर बसली आणि न्हाव्याला म्हणाली, "चालव." तिच्या डोक्यावर पांढरे, विरळ केस होते. वस्तरा फिरत असताना ती आचिआ आजीचं नाव घेऊन रडत होती, आणि ते रडणं खरं होतं हे माझ्यासारख्यालाही कळलं. मामा दारातून पुढे आले. मग म्हणाले, "मावशी, आत चल. रस्सा निवतोय."

आता उरलो मी. "जावईबापू, तुमचं काय?" मामांनी विचारलं.

मी सेर्वाकडे बघितलं. ती नुसतं माझ्या केसांकडे बघत होती. माझे केस दाट. शाळेत बाकी मास्तर माझ्यावर जळतात ते केसांवरून. पण मशीन खरं बोलतं, असा शब्द दिला होता. बसलो स्टुलावर.

अर्धं डोकं झालं होतं, तेव्हा दोम्प्रे दात कोरत आला. "मास्तर, हे काय? कसली पैज हरलात?"

सेर्वाच्या बहिणीने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला सगळं सांगितलं. त्याने खिशातून आपला फोटो काढला. फोटोत तो काळ्या वस्त्रात होता. कुळकुळीत काळ्या, जसा काल होता तस्सा.

"तुम्ही तर निघून गेलात," दोम्प्रे म्हणाला. "माझे दोन्ही हात भरलेले. म्हटलं, बघू या काय करतंय. पिवळा होऊन आला, गेला आत. लाल होऊन आला, गेला आत. मग निळा चढला तेव्हा काळं काळं झालं. पुन्हा एकदा जाऊन वरून चकाकी लावून आला. चार वेळा आत-बाहेर करतं ते. तुम्ही मधेच ओढत होतात काय?"

न्हाव्याचा वस्तरा हवेत थांबला. "मास्तर," त्याने अदबीने विचारलं, "उरलेले ठेवू की काढू?"

मी मामांकडे बघितलं. "मामा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"काळं कापड उन्हात लाल होत नाही, एवढं ठाऊक होतं," मामा म्हणाले. "पण जावई स्वतःहून बसतोय म्हटल्यावर नको कसं म्हणायचं? जावयाचा मान असतो."

"काढ," मी न्हाव्याला म्हणालो.

डोकं साफ झालं. सासूबाई पुढे आल्या, त्यांनी माझ्या टाळूवर हात ठेवला, आणि आत-बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "या घरात जावयांनी गाय आणली, फ्रिज आणला. पण आजीसाठी केस देणारा जावई हा पहिलाच."

बायांनी टाळ्या पिटल्या. लाउडस्पीकरवाल्याने सामान बांधत आणलं होतं, त्याने तार पुन्हा जोडून माझं नाव दोनदा पुकारलं. दोम्प्रेचा चेहरा पडला. मला आत नेऊन बोकडाची नळी वाढली. आणि सेर्वा! परतीच्या गाडीत ती पूर्ण रस्ता माझ्या खांद्याला टेकून बसली होती. मधून मधून तिला हसू फुटायचं, पण ते मी मनावर घेतलं नाही. एवढी मान ताठ करून माहेराहून परतताना मी तिला कधीच बघितलं नव्हतं.

आता आजीच्या वर्षाचं कार्य आलंय. कोणता प्रोजेक्टर न्यावा म्हणून मी रिव्ह्यूंचा गठ्ठा छापून आणला होता आणि लाल पेन उघडून बसलो होतो. तेवढ्यात मामपोंगहून मामांचा फोन आला. सेर्वाने तो घेतला, ऐकला, ठेवला आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"मामांनी सांगितलंय, जावईबापूंना म्हणावं यंत्रबिंत्र काही आणू नका. केस तेवढे वाढवून या."