आईचा रकाना

कट्ट.

पहाटेच्या शांत स्वयंपाकघरात एवढाच आवाज झाला आणि डबा भरणाऱ्या सूनबाईचा हात थांबला. दिव्याचं बटण नव्हे, दिवा तर केव्हाचा लागलेला होता.

"कोणाचं वाजलं?"

"माझं," सासरे दारातून म्हणाले. "डावा गुडघा. उजवा अजून उठायचाय."

त्यांच्या मागे सासूबाई होत्या. दोन्ही हात शालीत.

"आणि आई, तुमची बोटं? काल किती वेळ आखडली होती?"

"थोडा वेळ."

हा थोडा वेळ म्हणजे किती, हे त्या घरात कोणाला कधी कळलं नव्हतं. सासूबाई शेजारी थोडा वेळ बोलायला गेल्या की इकडे दूध आटून पातेलं करपायचं. आणि नेमकं या वेळेवरच सगळं अडलं होतं.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "सांधे दुखतात एवढ्यावरून काही कळत नाही. झिजेचं दुखणं सकाळी अर्ध्या तासाच्या आत मोकळं होतं, आणि वापरलं की वाढतं. आमवाताचं तास तास सुटत नाही, बहुतेक दोन्ही हातांना सारखं धरतं. युरिक ॲसिडचं एकाएकी येतं. पायाचा अंगठा लालबुंद होतो, चादर लागलेली सोसत नाही. पंधरा दिवस रोजचं लिहून आणा. आमवात असेल तर औषध लवकर सुरू व्हायला हवं, नाहीतर बोटं वाकडी होतात."

सासूबाईंनी यातून एकच अर्थ काढला: बोटांचं खरं सांगितलं की शिवणाचं मशीन बंद. तीस वर्षं आसपासच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. त्या भेटीपासून बोटं कायम थोडाच वेळ आखडू लागली.

सूनबाईने एका वहीत दोन रकाने आखले. वर लिहिलं, ‘आई’ आणि ‘बाबा’. पण तिची टपाल कचेरीतली पाळी साडेसहाला सुरू व्हायची, आणि नवरा आठाच्या आत उठला तर तीच बातमी. मग वही आली आठ वर्षांच्या लेकीकडे, टिचकीकडे. ती नुकतीच घड्याळ शिकली होती आणि विचारलं नाही तरी सगळ्यांना वेळ सांगत होती.

"आईचं आईच्या रकान्यात, बाबांचं बाबांच्या," सूनबाई चपला घालता घालता म्हणाली. "होईल ते लिहायचं. मनाचं घालायचं नाही."

"मी कधी मनाचं घालते?" टिचकी म्हणाली.

सूनबाई कामावर दिवसभर पत्रांची छाननी करायची. आठ वर्षांत तिच्या हातून एक पत्र चुकीच्या खणात गेलं नव्हतं. वही मात्र तिने उघडून पाहिली नाही. वेळच झाला नाही. सोळाव्या दिवशी ती पिशवीत टाकली आणि सासू-सासऱ्यांना नि टिचकीला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई वाचू लागल्या. "आई. सोमवार, कंबर मोडली. मंगळवार, पाय तुटले." त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. "बुधवार, मान गेली. गुरुवार, जीव गेला."

"बोटांचं इथे काहीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. "नाहीच ना. मी तेच सांगतेय केव्हाची. बोटांना काही नाही. कंबर मात्र मोडली होती."

"आणि पाय?"

"तेही."

"गुरुवारी जीव गेला?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "गेला होता. थोडा वेळ."

हे सगळे शब्द सूनबाईने कुठेतरी ऐकले होते. कुठे, ते आठवेना.

"बाबा," डॉक्टरीणबाईंनी पुढचा रकाना घेतला. "शनिवार, अंगठा लाल, सुजला, ओरडले. हं. मोजे काढा बघू."

सासऱ्यांनी निमूटपणे मोजे काढले. दोन्ही अंगठे धडधाकट होते.

"मग हे काय? रविवार, पाय दुखतो म्हणून उठले नाहीत. जेवायला हाक मारल्यावर बरा झाला. हे कुठल्याच संधिवातात बसत नाही."

"बसतंय," सासरे मोजे चढवत म्हणाले. "आमच्या मुलात बसतंय."

"तो अंगठा पलंगावर आपटला होता," टिचकीने खुलासा केला. "बाबांचा. माझ्या बाबांचा."

आता सूनबाईच्या डोक्यात उजेड पडला. ती ज्यांना आई-बाबा म्हणायची ते टिचकीचे आजी-आजोबा. आणि टिचकीची आई रोज संध्याकाळी दारात पिशवी टेकवून जे जे म्हणायची, ते तारीखवार डॉक्टरांच्या टेबलावर पडलेलं होतं.

"मग आजीचं कुठे लिहिलंस?" तिने हळूच विचारलं.

"शेवटच्या पानावर. पुढे आजीला रकानाच नव्हता."

सासूबाई चटकन म्हणाल्या, "ते काही बघायला नको. पोरीचा खेळ आहे तो."

डॉक्टरीणबाईंनी वही उलटी केली. "आजी. सहा दहाला उठली. सात वीसला सुई धरता आली. दोन्ही हात." पुढच्या दिवशी सात पंचवीस. पंधरा दिवस, पंधरा ओळी. खाली बारीक अक्षरात होतं, ‘आईला सांगू नको म्हणाली. सांगितलं नाही. लिहिलं.’

सासूबाईंनी शालीतून हात काढले. सगळी बोटं मुळाशी फुगलेली होती.

"मशीन बंद करायला सांगणार असाल तर मी उठते," त्या म्हणाल्या. आवाज मात्र उठण्यासारखा नव्हता.

"कोण सांगतंय बंद करायला?" डॉक्टरीणबाई एकेक बोट दाबून पाहत होत्या. "लक्षणं आमवाताची दिसतात. आज रक्त तपासू, लगेच औषध सुरू करू. अजून बोटं सरळ आहेत. आणखी वर्षभर थोडा वेळ थोडा वेळ करत बसला असतात, तर मशीन आपोआप बंद झालं असतं."

सासऱ्यांच्या गुडघ्यांचा निकाल दोन मिनिटांत लागला. झीज. व्यायामाचा कागद मिळाला.

रक्त काढायच्या खोलीबाहेरच्या बाकावर सूनबाई बसली. टिचकीने वहीचं नवं पान उघडलं होतं आणि या वेळी रकाने स्वतः आखले होते. तीन. ‘आजी’खाली तिने आमवात लिहिलं, ‘आजोबा’खाली झीज. मग पेन्सिल तिसऱ्या रकान्यावर टेकवून तिने वर पाहिलं.

"आई, तुझ्या दुखण्याचं नाव काय?"