बॅटरीची निगा राखणेबाबत

दिनांक सहा ऑगस्ट रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज १२.६ होतं. हे मी आठवून सांगत नाही, नोंदवहीत पाहून सांगतो. बत्तीस वर्षं एका सरकारी कार्यालयात नोकरी करून मी कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्या बत्तीस वर्षांत माझ्या हातून किती कामं पूर्ण झाली ते सांगता येणार नाही, पण नोंद एकाही कामाची करायची राहिलेली नाही.

गाडी आमच्या मुलीने, दिशाने, घेऊन दिली. ती पुण्याला असते. चावी तिने माझ्या हातात न देता आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, मावशीकडे जायला आता कुणाची वाट बघायची नाही." मावशी म्हणजे माझ्या बायकोची, दीपालीची, थोरली बहीण हौसाताई. ती संगमेश्वरच्या पुढे राहते. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली आहे, आणि दीपाली दर आठवड्याला दोन एसट्या बदलून तिच्याकडे जाते. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी दीपालीने ड्रायव्हिंग स्कूल लावलं आणि शिकाऊ लायसन्स काढलं. त्याची मुदत पाच फेब्रुवारीपर्यंत. तेवढ्यात पक्क्या लायसन्सची परीक्षा द्यायची, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

चावी तिच्याकडे गेल्यामुळे मी बॅटरी माझ्याकडे घेतली. घरात प्रत्येकाकडे एक तरी खातं असावं असं माझं मत आहे.

लाल आकडे दाखवणारा एक छोटा मीटर मी ऑनलाइन मागवला आणि तो चोवीस तास चालू राहावा म्हणून थेट बॅटरीला जोडून घेतला. मोबाइलवर सतरा व्हिडिओ पाहून मी पुढील ज्ञान मिळवलं: रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली, १२.२ दाखवत असेल तर निम्मी, आणि बाराच्या खाली गेली की बसायच्या वाटेवर. रोज सकाळी मी गाडीचं दार उघडून आत बसत असे आणि आतल्या दिव्याच्या उजेडात, पट्टीने रेघा मारून नोंद करत असे. अक्षर नीट यावं म्हणून अर्धा तास सहज लागे.

आठवडाभरात आकडा १२.५ झाला. मी तातडीने फ्रिजवर परिपत्रक लावलं. "विषय: वाहनाच्या बॅटरीची निगा राखणेबाबत. उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, वाहनातील रेडिओ, हॉर्न, तसेच काचा वर-खाली करणे पुढील आदेश होईपर्यंत बंद ठेवण्यात येत आहे."

दीपालीने दूध आत ठेवता ठेवता ते वाचलं. "अहो, मी अजून गाडीत बसल्येसुद्धा नाही. हे पत्र कुणाला?"

"सर्व संबंधितांना."

"घरात आपण दोघंच आहोत."

"म्हणूनच प्रत एकच काढली."

बंदीनंतरही आकडा १२.४ वर आला. त्याच रविवारी, मला लायसन्सधारक म्हणून शेजारी बसवून, दीपालीने गाडी नाचणे गावापर्यंत नेऊन आणली. चावी फिरवताच मीटर १०.१ पर्यंत घसरला. एवढी घसरण नुसतं चालू होण्यासाठी! इंजिन चालू असताना १४.२, घरी येऊन बंद केल्यावर १३.१ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १२.५. मी निष्कर्ष काढला की गाडी चालवल्याने दिसणारी वाढ ही मार्चअखेरची वाढ आहे. एप्रिलात ती सापडत नाही. १२.४ चे १२.५ झाले होते ही बाब मात्र माझ्या ध्यानात आली नाही. दोन आकडे नोंदवहीच्या वेगवेगळ्या पानांवर होते, आणि मागचं पान उलटून पाहण्याची मला सवय नव्हती.

दुसरं परिपत्रक निघालं. वाहन चालू केल्याने बॅटरीवर विपरीत परिणाम होत असल्याने वाहन चालू करण्यास मनाई. अपवादात्मक परिस्थितीत दोन दिवस आधी लेखी अर्ज करावा. माझी अपेक्षा होती की दीपाली चिडेल. तिने अर्ज केला. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदावर, सरळ अक्षरात: "कारण: बहिणीला भेटायचं आहे. ती माझी वाट बघते."

त्यावर मी "चर्चा करावी" असा शेरा मारला. चर्चेला ती थांबली नाही, तिची एसटी होती. ती गेल्यावर मी गाडीवर नवीन कव्हर घातलं. धूळ बसू नये म्हणून.

डिसेंबरात १२.२ झाले. गाडी जागची हलत नव्हती, तरी बॅटरी उतरत होती, म्हणजे माझ्या देखरेखीत कुठेतरी ढिलाई होती. मी सकाळची एक नोंद होती तिच्या चार केल्या. चार वेळा दार उघडायचं, चार वेळा दिवा लावून बसायचं. दीपाली ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीवर शिकत राहिली. "बॅटरी सुधारली की नेतो तुला ताईकडे," असं मी तिला दर सोमवारी सांगत असे, आणि मी ते अगदी मनापासून सांगत असे, हे इथे नमूद करतो.

जानेवारीत आकडा बारावर आला तेव्हा युसुफला बोलावलं. युसुफ गाड्यांच्या वायरिंगचं आणि बॅटरीचं काम करतो. त्याने बॉनेट उघडलं, स्वतःचा मीटर लावला, नोंदवही चाळली आणि माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

"काका, बॅटरी चांगली हाय. तुमचा हा लाल आकडेवाला मीटर रातदिवस खातोय आणि तुमी दार उघडून दिवा लावून बसताव. मीटर काढा, आणि गाडी रोज अर्धा तास लांबवर चालवा. काकी शिकतायत ना? त्यांना द्या. बॅटरी भरेल आणि हातपण बसेल."

"मीटर काढला तर बॅटरी उतरतेय हे कळणार कसं?"

"काढलात तर उतरणारच नाय."

"पण समजा उतरली, तर कळणार कसं?"

युसुफने बॉनेट लावलं. "नुसती बघून बॅटरी भरत नाय वो काका," असं म्हणून तो गेला. त्याच्या भेटीची मी नोंद घेतली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "तज्ज्ञांचा अभिप्राय प्राप्त. विचाराधीन."

चार फेब्रुवारी ही परीक्षेची तारीख. सकाळी दीपाली साडीवर कार्डिगन घालून, कागद पिशवीत घेऊन गाडीत बसली. चावी फिरवली. टिक, टिक, टिक. मीटरवर ११.६. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. युसुफला पुन्हा फोन. तो बिचारा दहा मिनिटांत आला, त्याने आपल्या गाडीची वायर जोडली, आमची गाडी सुरू झाली आणि आकडा १४.२ झाला.

"भरली!" मी ओरडलो आणि मीटरचा फोटो काढला.

"ते बॅटरीचं नाय काका, अल्टरनेटरचं. इंजिन चालू हाय म्हणून दिसतंय. बंद केलात की खरं काय ते कळेल."

मला हे नवीन नव्हतं. साहेब तपासणीला यायचे तेव्हा आमचं अख्खं कार्यालयही १४.२ वर असायचं. मी दीपालीला एवढंच बजावलं, "काही झालं तरी बंद करू नकोस."

आर.टी.ओ.च्या मैदानापर्यंत ती झकास आली. इतकी चांगली चालवते हे मला ठाऊकच नव्हतं. निरीक्षक मॅडम खिडकीशी आल्या. "इंजिन बंद करा. कागद दाखवा. मग सुरू करून पुढे घ्या." दीपालीने चावी फिरवली. कागद दाखवले. पुन्हा चावी फिरवली. टिक.

मी खाली उतरून नोंदवही पुढे केली. "मॅडम, गाडीची निगा उत्तम आहे. सहा महिन्यांत तीनशेच्या वर नोंदी आहेत."

मॅडमनी शांतपणे चार-पाच पानं उलटली. "तारीख, वेळ, व्होल्टेज, शेरा. गाडी कुठे गेली, तो रकाना नाही?"

"नाही."

"का?"

याचं उत्तर दीपालीने दिलं. मोठ्याने नाही, पण रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "गेलीच नाही कुठे, मॅडम. सहा महिने मी संगमेश्वरला एस्टीने जात्ये. ताई दर वेळी विचारते, लेकीने गाडी दिली ना गो तुला? मी सांगत्ये, बॅटरीचं काहीतरी चाललंय. ती म्हणते, लवकर आण, मला एकदा बसू तरी दे तुझ्या शेजारी." तिचे डोळे भरून आले होते. बत्तीस वर्षांत मी अनेकांचे अर्ज परत पाठवले, पण अर्जदाराचा चेहरा बघायची वेळ माझ्यावर आली नव्हती. मला तिथे उभं राहवेना.

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई, मृणाली, दुसऱ्या विद्यार्थ्यांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी आपली गाडी पुढे केली. मॅडमनी परवानगी दिली. दीपालीने आठाचा आकडा काढला, गाडी मागे घेतली, चढावर थांबवून पुन्हा सुरू केली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. मी आमच्या बंद गाडीत बसून ते पाहिलं. त्या दिवशी मी कसलीच नोंद केली नाही.

आता ती आठवड्यातून दोनदा संगमेश्वरला जाते. हौसाताईला तिने आणि शेजारणीने धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि नदीपर्यंत फिरवून आणलं, असं दिशाने फोनवर सांगितलं. मला थेट सांगितलं गेलं नाही. मीटर युसुफने कधीच काढून नेला. बॅटरी किती आहे कोणी बघत नाही आणि गाडी रोज चालू होते.

आता तुम्ही हसत असाल. हसा. फक्त जाता जाता एक माहिती हवी होती. तुमच्या घरात काळजीपोटी, जपून, कव्हर घालून उभं करून ठेवलेलं काही आहे का? वस्तू आणि माणसं असे दोन वेगळे रकाने करावेत. शेवटचं बाहेर कधी नेलं, ती तारीख लिहावी. घाई नाही. आणि तुमच्याकडे असं काहीच नाही, हे मला ठाऊक आहे. "निरंक" असा अहवाल मीसुद्धा बत्तीस वर्षं, न बघताच, पाठवत होतो.