एडविनच्या दगडाला पडलेलं टक्कल

प्रल्हाद गुप्त्यांच्या मते अख्ख्या अमिरातीत दोघांनाच सगळं ठाऊक असायचं. एक वरचा, म्हणजे देव, सहाव्या मजल्यावरचा पिल्ले नव्हे; आणि दुसरा पाचशे तीन नंबरच्या फ्लॅटमधला, म्हणजे ते स्वतः. दुबईतल्या एका विमा कंपनीत ते ठोकलेल्या गाड्यांचे क्लेम तपासत. बंपरची चेप बघून ड्रायव्हरचं सासरशी जमतं की नाही तेही आपण सांगू शकतो, असं ते म्हणत. "मला बघून भलेभले रस्ता बदलतात," हेही म्हणत, आणि हे मात्र खरं होतं. शारजाच्या त्या इमारतीत त्यांनी आजवर तीन प्रकरणं हाताळली होती. दोन आपोआप मिटली आणि तिसऱ्यात वॉचमनने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

चौथं प्रकरण नव्व्याण्णव सालच्या मार्चात आलं. तिसऱ्या मजल्यावरचा एडविन मूळचा वसईचा, दुबईत हॉटेलात कामाला. बायको इनेज बाळंतपणाला गावी गेलेली, त्यामुळे घरात तो आणि त्याची दोन फुटी काचेची टाकी. टाकीत समुद्राचं पाणी, एक नारिंगी मासा, आणि दगडावर पसरलेलं मऊ प्रवाळ. खाली जांभळी, रबरासारखी साय आणि वर डुलणारी हिरवी बोटं. हे प्रवाळ अफवेच्या वेगाने पसरायचं. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, एडविनकडे इमारतीतली मराठी मंडळी जमत, आणि बिर्याणीआधी तो सगळ्यांना टाकीपुढे उभं करून सांगे, "हे म्हणजे समुद्रातलं मनीप्लांट बघा! एवढासा तुकडा ठेवा, महिन्यात दगड झाकतो."

आणि आता दगडाला टक्कल पडत होतं. शुक्रवारी गर्द हिरवा असलेला दगड शनिवारी संध्याकाळी एडविन ड्यूटीवरून येऊन बघे तो इथे तिथे सोललेला. मधल्या वेळात, शनिवारी सकाळी, झाडूपोछा करायला ताजबी येई. स्वतःच्या किल्लीने.

"मला तिच्यावर संशय घ्यायचा नाही," एडविन प्रल्हादरावांना म्हणाला. "पण तुम्ही तिचं नाव सांगितलं, तर किल्ली परत घ्यावी लागेल."

एका घराने किल्ली काढून घेतली की तासाभरात बाकीची पाच घरंही काढून घेणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. मग तिचा व्हिसा काढणारा स्पॉन्सर तिला मिरजेला परत धाडणार, आणि तिची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. एवढं ओझं कुणाच्या हाती द्यायचं, तर प्रल्हादरावांच्या!

त्यांनी बायकोला, लतिकेला, वही घेऊन बोलावलं. तपास प्रत्यक्ष साक्षीदारापासून सुरू करायचा म्हणून माशावर भिंग रोखलं. मासा दगडामागे गेला.

"पाहिलंस? नजर चुकवतोय. लिही."

मग त्यांनी टाकीत बोट बुडवून चाटलं. "खारट!"

"समुद्राचं पाणी आहे ते," एडविन म्हणाला.

"असं दुकानदार म्हणतो. मी पडताळून पाहिलं."

मासा निर्दोष ठरायला दोन दिवस लागले. मग दुबईची टोळी निघाली. "शुक्रवारीच चोरी का? कारण एरवी शारजाचा रस्ता तुंबलेला. पळणारा चोर हद्दीवरच्या नहद्यापर्यंत पोचला तरी पुष्कळ!" रोज त्या रस्त्यावर दोन दोन तास काढणाऱ्या एडविनला हे पटलं. पण कुलूप शाबूत होतं, त्यामुळे टोळीही बारगळली. त्यानंतर प्रवाळ स्वतःच्या पायांनी निघून जातंय, असा विचार पुढे आला. त्यासाठी गुरुवारची दुपार प्रल्हादराव मोरीच्या जाळीवर नजर ठेवून बसले. एक झुरळ सापडलं.

"म्हणजे उरली ताजबी," ते म्हणाले. "लिही."

इतके दिवस निमूट लिहिणाऱ्या लतिकेने पेन खाली ठेवलं. "अहो, जरा ऐका..."

"निकाल उद्या. सगळ्यांसमोर."

शुक्रवारी एडविनच्या हॉलमध्ये सगळी मंडळी जमली. ताजबी दाराशी उभी होती, मुठीत किल्ली घट्ट धरून. प्रल्हादरावांनी अर्धा तास भाषण केलं. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची इतकी सुंदर तयारी त्या इमारतीत कधी झाली नसेल.

"साहेब, मी एक बोलू?" ताजबीने विचारलं.

"आरोपीने शेवटी बोलायचं."

"अहो..." लतिका.

"तूही शेवटी!" मग ते ताजबीकडे वळले. "सांग, माल कुठे आहे?"

"कुठला म्हणून सांगू?" ताजबी म्हणाली. "तीनशे दोनमध्ये खिडकीत आहे, कॉफीच्या बाटलीत. चारशे एकमध्ये फ्रिजवर. सहाशे चारमध्ये टीव्हीवर, अचाराच्या बरणीत. आणि पाचशे तीनमध्ये देवांजवळ. मला वाटलं, एडविनसाहेबांनीच सगळ्यांना वाटलंय. मी पुसते आणि परत ठेवते."

हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. प्रल्हादराव मात्र रंगात आले होते. "पाचशे तीन!" ते गरजले. "कोण राहतं तिथे?"

"आपण," लतिका म्हणाली.

मग तीच एडविनकडे वळली. "एडविनभाऊ, चूक झाली. पण तुम्हीच दर शुक्रवारी सांगता, मनीप्लांट, मनीप्लांट. मनीप्लांट कधी कुणी मागून नेतं का? मागून नेलेलं लागत नाही, चोरूनच न्यावं लागतं. मी एकच तुकडा घेतला."

"मीपण एकच," तीनशे दोनवाले म्हणाले.

"एकच," चारशे एक.

एडविनने बाल्कनीकडे पाहिलं. तिथली मनीप्लांटची वेल त्याने हॉटेलच्या लॉबीतून खिशात घालून आणलेली होती. तो शरमेने लाल झाला. उठून ताजबीसमोर गेला आणि म्हणाला, "ताजबी, माफ कर. किल्ली तुझ्याकडेच राहू दे. आणि हे घे." त्याने दगडावरून हाताएवढा तुकडा सोलायला घेतला.

"नको साहेब. दिलेलं लागत नाही." ताजबी पदराने हात पुसत पुढे आली. "पाणी तेवढं द्या, बाटलीभर. नळाच्या पाण्यात ह्या सगळ्यांचं कुजून गेलंय. आणि जरा सगळ्यांनी तिकडं तोंड करा."

सगळ्यांनी मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. प्रल्हादराव घुटमळले, मग तेही वळले. पाठीमागे पाणी हलल्याचा आवाज आला.

"झालं," ताजबी म्हणाली. "आता म्हणा मला चोर."