बटणाची संयुक्त पाहणी

आवक शाखेतल्या कारकुनाचा लॅपटॉप सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता चार्ज होईनासा झाला. चार्जर लावलेला, वायर घट्ट, तरी बॅटरी एकतीस टक्क्यांवरून खालीच घसरत होती. एरवी एवढ्या निमित्तावर कारकुनाने अर्धा दिवस निवांत काढला असता. पण आज बदलीच्या अर्जाची मुदत संपत होती, पाचच्या ठोक्याला. बायको आणि पहिलीतली लेक चार वर्षं दुसऱ्या गावी राहत होत्या. हा अर्ज हुकला की आणखी तीन वर्षं गेलीच म्हणायची.

अर्ज कार्यालयीन लॅपटॉपवरूनच भरायचा होता, आणि बॅटरी चाळीस टक्क्यांच्या खाली असली तर अर्जाचं पान उघडतच नसे. मध्येच यंत्र बंद पडून अर्जदाराची गैरसोय होऊ नये, म्हणून ही सोय केली होती.

कारकून शिस्तीचा माणूस. त्याने आधी संगणक शाखेकडे तक्रार नोंदवली आणि मग टेबलाखाली वाकून बघितलं. शाखेतल्या एकुलत्या एक प्लगचं भिंतीवरचं बटण बंद होतं. हात्तिच्या! त्याचं बोट बटणापाशी पोचलं, तेवढ्यात संगणक शाखेचा तंत्रज्ञ दारात उभा राहिला.

"अहो, हात काढा आधी! तक्रार नोंदवलीत ना? आता बटण दाबून चार्जिंग सुरू झालं तर तक्रार खोटी ठरते. खोट्या तक्रारीवर काय होतं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक कसं नसणार? खोट्या तक्रारीवरच्या कारवाईचं परिपत्रक कारकुनानेच आवक केलं होतं.

"मग तुम्ही दाबा," कारकून काकुळतीला येऊन म्हणाला.

"मी? आमची हद्द लॅपटॉपपासून वायरीतल्या त्या काळ्या ठोकळ्यापर्यंत. पुढचं सगळं वायरमनचं." तंत्रज्ञाने बटणाजवळ 'तक्रार प्रलंबित, हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि तो गेला.

वायरमन दीड वाजता आला. त्याने बटणाकडे बराच वेळ कौतुकाने पाहिलं.

"बंद आहे खरं. पण छान बंद आहे हो! काही बिघाड नाही. बिघाड नसलेल्या बटणाला आम्ही हात लावत नाही."

"मग बिघडवा की!"

"त्याची वेगळी तक्रार द्यावी लागेल."

प्रकरण अधीक्षक बाईंकडे गेलं. बाई न्यायी होत्या. त्यांनी लगेच संयुक्त पाहणी लावली. तीन वाजता बाई, तंत्रज्ञ आणि वायरमन असे तिघेही टेबलाखाली ओणवे झाले. बटण बंद असल्याचं एकमताने ठरलं. पण ते केलं कोणी? चौकशी पुरी होईपर्यंत बटण हा पुरावा असून तो आहे त्या स्थितीत जपावा, असा बाईंनी निर्णय दिला. पाहणीचा अहवाल पाच पानी झाला आणि तो टंकायला शाखेत दुसरं यंत्र नसल्यामुळे कारकुनाच्याच लॅपटॉपवर टंकला. बॅटरी नऊ टक्क्यांवर आली.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, भरला का अर्ज?"

"पाहणी चालू आहे."

"कसली?"

"बटणाची. ते बंद आहे."

"दाबा की मग!"

"अगं, तसं नसतं ते."

मागून लेकीचा आवाज आला, "आई, फोनवाले काका आहेत का?" कारकुनाने फोन ठेवला.

चार वाजता कारकून सोडून बाकी सगळे चहाला गेले. सफाईवाल्या मावशी टेबलाखाली झाडायला वाकल्या, बटण बंद दिसलं, आणि त्यांनी ते दाबलं. बस्स! दाबलं आणि केर घेऊन निघून गेल्या.

लॅपटॉपवर दिवा लागला. कारकून पुतळ्यासारखा बसून आकडे बघत राहिला. सोळा. पंचवीस. बत्तीस. आनंदाने त्याला रडायलाच यायचं बाकी होतं. मुदतीला वीस मिनिटं होती आणि कागद हाताशी तयार होते. छत्तीस. अडतीस. एकोणचाळीस.

बाहेर पावलं वाजली.

कारकून झटकन टेबलाखाली वाकला, त्याने बटण बंद केलं आणि मावशींच्या हाताने उखडलेली चिठ्ठी थुंकी लावून होती तिथे चिकटवली. पावलं दारावरून पाण्याच्या नळाकडे गेली. कोणी आत डोकावलंसुद्धा नाही. वर येऊन पाहतो तो अडतीस. पाच वाजेपर्यंत त्याने बटणाला पुन्हा हात लावला नाही.

पाचनंतर बायकोने पुन्हा फोन केला. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "कोणी बघत होतं का?"

"नाही," तो म्हणाला. "पण बघितलं असतं तर?"

तुम्हाला त्याचा संताप आला ना? यायलाच हवा. असल्या माणसाला बदली मिळाली नाही तेच बरं झालं, असंही वाटलं असेल. हरकत नाही. तुमच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा सकाळपासून जळतोय, रोजच जळतो, जाता-येता तुम्ही बघता. आज घरी जाताना तेवढा बंद करा. आणि हात बटणावर असताना वरच्या मजल्यावर कोणाचं दार वाजलं, तर तो हात खिशात घालू नका.