कितीही उपसा!

बातमी हुंगायचं नाक देव फार थोड्यांना देतो आणि त्या थोड्यांत मी आहे, याबद्दल १९९७च्या मे महिन्यापर्यंत मला तिळमात्र शंका नव्हती! आमच्या हिला, म्हणजे मीराला, होती. पण हिला माझ्याबद्दल कशाकशाची शंका नाही?

आम्ही तेव्हा विरार पूर्वेला, चंदनसारला राहायला आलो होतो. सोसायटीचं नाव गंगासागर! बिल्डर विनोदी असावा, कारण तीन इमारतींत मिळून पाण्याचा थेंब नव्हता. नळ सोडला की फुस्स् असा आवाज यायचा आणि शेजारच्या मोरीतही फुस्स् ऐकू यायचं. सगळा कारभार टँकरवर. तो कधी येणार हे आमचे सेक्रेटरी शांताराम पेडणेकर गेटजवळच्या काळ्या फळ्यावर खडूने लिहायचे. ‘टँकर उद्या.’ ‘टँकर परवा.’ ‘टँकर पंक्चर.’ ऐंशी कुटुंबांचं सारं वाचन एवढंच!

मला हे बघवेना. मी पेडणेकरांना म्हटलं, “समाजाला पाण्याइतकीच ज्ञानाचीही गरज असते.”

ते म्हणाले, “असते. पण ज्ञानाने भांडी घासता येत नाहीत.”

तरीही अर्धा फळा त्यांनी मला दिला. मी वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘चमत्कारिक, पण सत्य!’ आणि खाली रोज एक अजब बातमी. ‘नायगावात बकरीने खाल्ली मतदार यादी!’ ‘वसईत रिक्षाच्या टपावर कोंबडीचे अंडे; भाडे कोणी द्यायचे यावरून वाद!’ लोक थांबून वाचायचे, हसायचे. महिन्याभरात माझा अर्धा फळा पाऊण झाला. पेडणेकरांची सूचना कोपऱ्यात अंग चोरून बसू लागली.

“बकरीने आख्खी यादी खाल्ली?” आमच्या मीराने विचारलं.

“एक पान.”

“मग यादी का लिहिलंस?”

आता पत्रकारिता हिला कुठून समजावू?

तर एका शुक्रवारी ऑफिसात माझा टेबलशेजारी निकोलस म्हणाला, “देसाय, उद्या सांजच्याला गासला यायचं हां! आमच्या पोरीचं, जीनाचं लगीन रविवारी, आन् आदल्या दिवशी पानी आनायचं असतं, बँड लावून.”

आमचं आडनाव तेरेदेसाई. निकोलसने पहिल्याच दिवशी त्यातले ‘तेरे’ काढून टाकले होते. तो पश्चिमेकडच्या गास गावचा जुना वाडीवाला. केळी, नारळ, फुलं सांभाळून नोकरी करायचा. त्यांच्या ख्रिस्ती समाजात लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्या बायका नटूनथटून बँडबरोबर विहिरीवर जातात आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी वाजतगाजत घरी आणतात. मला ते बघायचं होतंच.

“मे महिन्यात विहिरीला पाणी आहे?” मी सहज विचारलं.

निकोलसची छाती फुगली. “आहे म्हंजे? वरच्या चिऱ्यापत्तर! आन् पानी कसं? शहाळ्यावानी!”

झालं! माझं नाक फुरफुरलं. तो पुढे बरंच काही सांगत होता, पंधरा दिवस, केळी, पाचशे माणसं वगैरे. पण मी तोवर मनात मथळा जुळवत होतो, त्यामुळे मला ते नीट ऐकू आलं नाही.

शनिवार दुसरा होता, म्हणजे सुट्टी. सकाळी सहाला मी खडू घेऊन फळ्यापाशी. कोपऱ्यात पेडणेकरांनी रात्री काहीतरी खरडलं होतं. त्यांच्या सूचना मी हल्ली वाचतही नसे. फडका मारला आणि पूर्ण फळा घेतला! बातमीच तशी होती:

‘चमत्कारिक, पण सत्य! गास येथील श्री. निकोलस यांची विहीर भर मे महिन्यात तुडुंब! कितीही उपसा, तासाभरात पुन्हा काठोकाठ! पाणी शहाळ्यासारखे गोड! चर्चच्या मागे, केळीच्या वाडीत.’

‘कितीही उपसा’ हे निकोलस म्हणाला नव्हता. ते माझं. बातमीला थोडा उठाव लागतो.

मग मी वर जाऊन झोपलो. अकराला उठलो तर घरात मीरा नाही, मोरीत कॅन नाहीत, हंडाही नाही. इमारतीत कमालीची शांतता! लोकांना सुट्टीच्या दिवशी विश्रांतीचं महत्त्व पटायला लागलं, असं वाटून मला बरं वाटलं. मी विरारच्या बाजारात गेलो, दाढी केली, जीनासाठी लेमन सेट घेतला, एका खानावळीत जेवलो आणि नवा कोरा सफारी घालून रिक्षाने रेल्वेचं फाटक ओलांडून गासला निघालो.

साडेतीनला पोचलो तर निकोलसच्या वाडीबाहेर एक टेम्पो उभा. ओळखीचा! आमच्या तळमजल्यावरच्या परेशचा. परेश त्यातून भाजी नेतो. आता त्यात भाजी नव्हती. हंडे, कळशा, कॅन, बादल्या, टब आणि एक कुकर होता. आणि विहिरीपासून केळीपर्यंत लांबलचक रांगेत गंगासागर सोसायटीच्या तिन्ही इमारती उभ्या होत्या! हातात सरबताचे ग्लास!

रांगेत पहिली आमची मीरा.

“तू इथे कशी?” मी किंचाळलो.

“कशी म्हणजे? फळ्यावर तूच पत्ता दिलास ना?” ती म्हणाली. “फळ्यावर पाण्याचं लिहिलं की आम्ही भांडी घेऊन निघतो. ही तिसरी खेप! पहिल्या दोन खेपा घरी रिकाम्या करून आलो.”

“अगं, ती बातमी होती!”

“मग? बातमीच वाचून आलो!”

पाणी नसलेल्या लोकांना विहिरीची गंमत सांगणारा मी पहिलाच!

“पण यांनी तुम्हाला आत घेतलं कसं?”

“मी म्हटलं, आम्ही तेरेदेसाईंकडून आलो.”

निकोलसचा मुलगा एरॉल पंपापाशी उभा होता. तो मला बघून हसला. “अंकल, तुमची मानसं म्हटल्यावर आपन काय विचारलंच नाय! पप्पा मंडपाचं बघायला गेलेत ना सकाळपासून. लग्नाच्या घरी आलेल्याला का आला, असं कसं विचारनार? पंप लावला, सरबत दिला.”

सरबतामुळे घोटाळा आणखी वाढला होता. लोक भांडं भरलं की ग्लास घेऊन गप्पांना बसत, आणि पंपाची नळी तशीच केळीच्या पाटात धो धो वाहत राही. मी पाटाकडे पाहिलं. केळीच्या बुंध्यांशी तळं साचलं होतं. मी विहिरीत पाहायला वाकणार, तोच पंप खुर्र खुर्र करून बंद पडला.

आणि नेमका त्याच क्षणी बँड ऐकू आला!

पुढे ट्रम्पेटवाले, मागे डोक्यावर सजवलेल्या घागरी घेतलेल्या बायका, सगळ्यांत पुढे निकोलसची मोठी बहीण सालोमी, आणि कडेने घाम पुसत पण आनंदाने फुललेला निकोलस. त्याने मला पाहिलं, रांग पाहिली आणि ओरडला, “देसाय! येवढ्या मानसांना घेऊन आला! दिल खुश केला तू!”

मी लेमन सेट छातीशी घट्ट धरला.

सालोमीबाईंनी दोर सोडला. घागर खाली गेली, गेली, गेली आणि खण्णकन आपटली. वर आली तेव्हा तिच्यात मूठभर चिखल आणि एक रागावलेला बेडूक होता.

“निकल्या,” त्या म्हणाल्या, “विहिरीत पानी नाय.”

बँडवाल्यांना हे ऐकू गेलं नाही. ते वाजवतच राहिले.

निकोलस विहिरीत बघत राहिला. मग सावकाश काठावर बसला. “पंदरा दिस,” तो म्हणाला, “पंदरा दिस केळींना थेंब नाय दिला. पोरीच्या लग्नासाठी राखलेलं पानी. उद्या पाचशे मानूस जेवनार, देसाय. सैपाक कशात करू?”

शुक्रवारी ऑफिसात मी जे ऐकलं नव्हतं, ते हे होतं! मला वाटलं होतं, विहीर चमत्कार करते. विहीर काही करत नव्हती, निकोलस जपत होता.

“पण एवढं पानी नेलं कुनी? कुनी सांगितलं यांना?” सालोमीबाई कडाडल्या.

परेशने मदत करायच्या हेतूने खिशातून चिठ्ठी काढली. पत्ता चुकू नये म्हणून त्याने सगळा फळा उतरवून घेतला होता! निकोलसने ती मोठ्याने वाचली. “कितीही उपसा,” इथे येऊन तो थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या वेळी त्या वाडीत पाणी तेवढंच उरलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली की सफारीसकट विहिरीत उडी मारावी, पण बुडायलाही काही नव्हतं!

मीराने आपला कॅन उचलला आणि विहिरीत उपडा करायला निघाली. निकोलसने तिचा हात धरला. “नको, वैनी. दारात आलेल्याला दिलेलं पानी परत नाय घेत आमी.”

मी एरॉलला म्हटलं, “फोन कुठाय?” आणि घरात धावलो. पेडणेकरांना सांगून सोसायटीच्या पैशाने एखादा टँकर मागवावा, एवढंच डोक्यात होतं.

“तेरेदेसाई!” पेडणेकर फोनवरच भडकले. “कुठे आहे सोसायटी? तीन वाजता टँकर येणार, घरी थांबा, असं रात्री फळ्यावर लिहून मी पहाटेच कामाला गेलो. टँकर तासभर उभा आहे, टाकीची चावी परेशकडे आणि इमारतीत चिटपाखरू नाही! फळा पुसला कोणी?”

“पेडणेकर,” मी म्हटलं, “त्याचं मी नंतर सांगतो. टँकर आधी गासला पाठवा!”

मी बाहेर येऊन सोसायटीला विचारलं. सगळ्यांनी आपापल्या भरलेल्या हंड्यांकडे पाहिलं, सरबताच्या ग्लासांकडे पाहिलं. परेश म्हणाला, “आपलं तर झालंय भरून. जाऊ दे यांना.” एकानेही नाही म्हटलं नाही. ऐंशी कुटुंबांचं एकमत ही गंगासागरच्या इतिहासातली पहिलीच घटना!

पण माझा दिवस एवढ्यात संपणार नव्हता. त्या उन्हाळ्यात गावोगावच्या विहिरींतून टँकरवाले पाणी उपसून नेत, म्हणून गाव त्यांच्यावर खवळलेलं. पाऊण तासाने टँकर चर्चच्या वळणावर दिसला मात्र, कोणीतरी ओरडलं, “टँकर आला रे!” आणि निकोलसचा चुलतभाऊ एडवर्ड धावत जाऊन रस्त्यावर आडवा झाला! एडवर्डची वाडी निकोलसला लागूनच. गावात टँकरविरोधी सभा असली की पहिलं भाषण त्याचं.

“गावच्या पान्याचा थेंब भायेर जाऊ देनार नाय!” त्याने निजूनच घोषणा दिली. “माझ्या अंगावरनं घाल गाडी!”

“अहो, हा न्यायला नाही आला, द्यायला आलाय!” मी विनवलं.

“टँकर पानी द्यायला येतो? गावात?” एडवर्ड हसला. “येडा समजतो काय?”

खरं सांगतो, माझाही विश्वास बसला नसता. आजवर गावात टँकर यायचा तो रिकामा आणि जायचा तो भरून!

ड्रायव्हर रामनाथने काचेतून डोकं बाहेर काढलं. “एडवर्डशेठ! उठा की! कपडे खराब होतील. दुपारी तुमच्याच विहिरीवर भरला ना हा? तुम्हीच तर पंप चालू केलात!”

बँड थांबला. त्या दिवशी पहिल्यांदाच.

एडवर्ड उठला. पँट झटकली. आकाशाकडे बघत म्हणाला, “हां... मंग भरलेला असंल.”

सालोमीबाई फक्त एवढंच म्हणाल्या, “एडवर्ड, घरी ये. बोलायचंय.”

टँकरचा पाइप निकोलसच्या विहिरीत सुटला आणि जीना अंगणातून धावत आली. पाणी पडताना बघून ती टाळ्या वाजवून हसायला लागली. बँडवाल्यांनी पुन्हा सूर लावला. बायकांनी टँकरला फुलांचा हार घातला, रामनाथला घातला, आणि सालोमीबाईंनी पहिली घागर भरून वाजतगाजत घरी नेली. त्यांच्यामागून परेशच्या टेम्पोसकट आख्खी गंगासागर नाचत गेली. गासचं पाणी फिरून गासलाच आलं होतं. मध्ये फक्त चंदनसारला तासभर उभं राहून आलं!

निकोलसने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, माफ केलं. “देसाय, उद्या जेवनात पानी वाढायचं काम तुझं,” तो म्हणाला. “पाचशे मानूस. आन् जपून वाढायचं.”

रविवारी मी पाचशे माणसांना पाणी वाढलं. सालोमीबाई माझ्या हातातल्या जगकडे लक्ष ठेवून होत्या, त्यातल्या पाण्याकडे आणि माझ्याकडे. एडवर्डने दोनदा ग्लास पुढे केला, पण माझ्या नजरेला नजर दिली नाही.

मात्र माझं नाक स्वस्थ बसेना! टँकरने विहीर भरली! टँकरविरोधी पुढाऱ्याने टँकर भरला! अशी बातमी जन्मात एकदा मिळते, आणि या खेपेला शब्दाचाही उठाव द्यायची गरज नव्हती. सोमवारी पहाटे मी नवा खडू घेऊन खाली उतरलो.

फळा आधीच भरला होता. वरचं शीर्षक पुसून पेडणेकरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ओळ लिहिली होती: ‘टँकर शनिवारी येऊन गेला. पुढचा गुरुवारी.’

आणि त्याखाली, बारा वर्षं वाण्याच्या यादीत बघत आलेल्या अक्षरात, कोणीतरी लिहिलं होतं: ‘चमत्कारिक, पण सत्य!’